वाचकांचे प्रश्न : उजेडाने गाठ सापडते का?

निअर-इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्याच्या जरा पलीकडच्या, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाने स्तनाची तपासणी करण्याबद्दल बरीच पत्रे आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिले पत्र मुद्दाम पुढे घेतले, कारण त्याला उत्तराची घाई आहे.

आमच्या सोसायटीत महिलांसाठी आरोग्य शिबिर झाले. हातात धरायचे एक यंत्र स्तनावर टेकवून तपासले. ‘एक्स-रे नाही, दाब नाही, दुखत नाही’ असे सांगितले. माझ्या अहवालावर हिरवी खूण आली. पण उजव्या स्तनात, वर काखेच्या बाजूला, हरभऱ्याएवढी गाठ दोन महिन्यांपासून हाताला लागते. आता निर्धास्त राहू का? (वय ३८, विक्रोळी)

नाही, ताई. गाठ हाताला लागते आहे तोवर त्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. असे यंत्र प्रकाश सोडून कुठे रक्त जास्त साठले आहे एवढेच पाहते. गाठ कसली आहे हे त्याला कळत नाही. हरभऱ्याएवढी गाठ म्हणजे सात-आठ मिलिमीटर. प्रकाशाच्या यंत्रांना एक सेंटिमीटरच्या आतले काही वेगळे काढणे फार जड जाते, आणि गाठ जितकी खोल तितके चित्र पसरट होत जाते. शिवाय काही कर्करोगांची अगदी सुरुवातीची खूण म्हणजे चुन्याचे बारीक कण. ते मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) उठून दिसतात, प्रकाशात दिसत नाहीत. उलट शिबिरात लाल खूण आली असती तरी त्यावरून कर्करोग आहे असे कोणी म्हणू शकले नसते. साधी सूज, गळू, नुकताच लागलेला मार, दूध पाजण्याचे दिवस, या सगळ्यांत रक्त वाढतेच.

या आठवड्यातच सर्जनला दाखवा. टाटा मेमोरियलला जाता येईल, किंवा केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढा. डॉक्टर दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा हाताने तपासतील. मग सोनोग्राफी, आणि तुमच्या वयाला बहुधा जोडीला मॅमोग्राफी. मॅमोग्राफीला जाताना अंगाला पावडर किंवा डिओडरंट लावू नका. त्यातले धातूचे कण फिल्मवर चुन्यासारखे दिसतात आणि विनाकारण घोळ होतो. पाळी संपल्यानंतरचा आठवडा मिळाला तर दाबताना कमी दुखते, पण गाठ असताना त्यासाठी तारीख पुढे ढकलू नका.

मॅमोग्राफीच्या अहवालाच्या तळाशी ‘बायरॅड्स’ (निकालाची ठरावीक श्रेणी) आणि ० ते ६ पैकी एक आकडा असतो. तो नीट समजून घ्या, कारण इथे गैरसमज फार होतात. ० म्हणजे ‘काही नाही’ असे नव्हे. ० म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. १ आणि २ म्हणजे चिंतेचे काही दिसले नाही. ३ असेल तर सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. ४ किंवा ५ असेल तर बायोप्सी. आणि आकडा १ आला तरी हाताला लागणारी गाठ संशयास्पद वाटली तर सर्जन बायोप्सी सांगतात, ते योग्यच आहे.

बायोप्सी कोअर सुईने व्हावी. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, साधारण १४ गेजच्या सुईने तीन-चार बारीक तुकडे काढतात. नुसत्या बारीक सुईने पेशी ओढून काढल्या तर कर्करोग दुधाच्या नळीपुरता आहे की बाहेर पसरलेला, ते कळत नाही. ‘आधी गाठ काढून टाकू, मग बघू काय ते’ असे कोणी म्हणाले तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. आधी निदान, मग ऑपरेशन. नमुन्याची बाटली पुष्कळदा घरच्यांच्याच हाती देऊन लॅबमध्ये पाठवतात. तशी वेळ आली तर आत १० टक्के फॉर्मॅलिन आहे का ते विचारून घ्या. तुकडे त्यात पूर्ण बुडालेले हवेत, बाटलीवर नाव, बाजू आणि तुकडा घेतल्याची वेळ लिहिलेली हवी. तुकडे सलाइनमध्ये राहिले तर पेशी खराब होतात, आणि ईआर, पीआर (संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-टू (एक प्रथिन) या ज्या तपासण्यांवर पुढची औषधे ठरतात, त्यांचा निकाल बिघडू शकतो.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. उजेड मांसातून आरपार जातो तरी कसा, आणि जातो तर एक्स-रेसारखे स्वच्छ चित्र का येत नाही? (निवृत्त शिक्षक, गिरगाव)

सर, रात्री दिवे मालवून मोबाइलची टॉर्च तळहाताखाली धरा. बोटांच्या कडा लालभडक उजळतात, पण आतले हाड दिसत नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथेच आहेत.

हिरवा-निळा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन खाऊन टाकते, म्हणून बाहेर येतो तो लाल. तांबड्याच्या पुढे, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, हिमोग्लोबिनचे शोषण उतरलेले असते आणि पाण्याचे अजून चढलेले नसते. त्या फटीतून प्रकाश काही सेंटिमीटर आत जातो. त्यातही ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन वेगवेगळ्या तरंगलांबीला वेगवेगळे शोषतात. ७६० नॅनोमीटरला ऑक्सिजन नसलेले जास्त शोषते, ८५० ला ऑक्सिजन असलेले. ८०० च्या आसपास दोघे सारखे. म्हणजे दोन तरंगलांबींचे माप घेतले की दोन समीकरणे मिळतात आणि दोन्ही प्रमाणे काढता येतात. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर ६६० आणि ९४० वर हेच करतो. स्तनात चरबी आणि पाणीही मोजायचे असते. चरबीचा कळस ९३० जवळ आणि पाण्याचा ९७० जवळ असतो, म्हणून तिथे पाच-सहा किंवा त्याहून जास्त तरंगलांबी वापरतात. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, त्यामुळे तिच्यातले एकूण हिमोग्लोबिन आजूबाजूच्या उतीच्या दीडपट-दुप्पट असू शकते. ही सगळी तपासणी त्या फरकावर उभी आहे.

आता हाड का दिसले नाही ते. प्रकाश आत जातो, पण सरळ जात नाही. मिलिमीटरभरात तो आपली मूळ दिशा विसरतो आणि मग दुधात शाई पसरावी तसा पसरत राहतो. एक्स-रे सरळ जातो, म्हणून त्याची सावली धारदार. इथे सावलीच पुसलेली. मग गणिताने उलटे जावे लागते: अनेक ठिकाणांहून प्रकाश सोडायचा, अनेक ठिकाणी मोजायचा, आणि आत कुठे किती शोषले गेले असेल त्याचा अंदाज बांधायचा. याला डिफ्यूज ऑप्टिकल टोमोग्राफी म्हणतात. काही यंत्रे दिवा सेकंदाला सुमारे दहा कोटी वेळा कमी-जास्त करून प्रकाशाला लागलेला उशीर मोजतात, काही पिकोसेकंदांच्या, म्हणजे अतिशय क्षणिक ठिणग्या सोडतात. असे केले तरच ‘शोषले गेले’ आणि ‘विखुरले गेले’ यांत भेद करता येतो. शिबिरांतली साधी यंत्रे नुसती तीव्रता मोजतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

कल्पना जुनी आहे. डॉक्टर मॅक्स कटलर यांनी १९२९ मध्ये स्तनामागे दिवा धरून सावल्या पाहिल्या होत्या. १९७०-८० च्या दशकांत कॅमेरे लावून तोच प्रयोग पुन्हा झाला, आणि मॅमोग्राफीशी तुलना केल्यावर मागे पडला, कारण लहान गाठी निसटत होत्या. शास्त्रज्ञ फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ मध्ये मेंदू आणि हृदयातला ऑक्सिजन या प्रकाशाने बाहेरून मोजता येतो हे दाखवले, तिथून नवी वाट फुटली. विखुरण्यावरचा आम्हाला सगळ्यात सुंदर वाटणारा तोडगा ‘फोटोअकूस्टिक’चा. लेसरची ठिणगी आत सोडायची. रक्त ती शोषून क्षणभर तापते, फुगते आणि बारीकसा आवाज करते. तो आवाज सोनोग्राफीच्या प्रोबने ऐकायचा. उजेड विखुरतो, आवाज तितका विखुरत नाही. ७५७ आणि १०६४ नॅनोमीटरचे लेसर आणि सोनोग्राफी एकाच प्रोबमध्ये असलेल्या ‘इमॅजिओ’ या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय उपकरणे यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२१ मध्ये मान्यता दिली. मात्र ती आधीच सापडलेल्या गाठीचा सोनोग्राफीसोबत अंदाज घेण्यापुरती आहे, सरसकट तपासणीसाठी नाही.

थर्मोग्राफीलाही ‘इन्फ्रारेड’च म्हणतात. दोन्ही एकच का? (ठाणे)

नाही. थर्मोग्राफीचा कॅमेरा अंगातून आपोआप निघणारी उष्णता टिपतो. ती ८ ते १४ मायक्रॉनची, म्हणजे आपल्या प्रकाशाच्या दहा-पंधरापट लांब तरंगांची, आणि ती त्वचेच्या पृष्ठभागावरूनच निघते. निअर-इन्फ्रारेडमध्ये बाहेरून प्रकाश आत सोडून परत आलेला मोजतात. थर्मोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा एफडीएने लोकांना एकाहून अधिक वेळा दिला आहे. जाहिरातीत ‘इन्फ्रारेड’ वाचलेत तर पहिला प्रश्न हाच विचारा: उष्णता पाहता की प्रकाश सोडता?

आईला स्तनाचा कर्करोग आहे. ऑपरेशनआधी केमो सुरू होणार आहे. रुग्णालयात संशोधनासाठी ‘लाइट स्कॅन’ला संमती द्याल का, असे विचारले. त्रास होईल का? उपयोग काय? (कल्याण)

या तंत्राची खरी ताकद आम्हाला इथेच दिसते. गाठ आहे हे माहीत आहे, कुठे आहे तेही माहीत आहे. प्रश्न एवढाच की औषध लागू पडते आहे का. गाठीचा आकार सोनोग्राफीत कमी झालेला दिसायला आठवडे लागतात. रक्तपुरवठा त्याआधी बदलतो. औषध लागू पडले की गाठीतले हिमोग्लोबिन आणि पाणी हळूहळू खाली येते. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत मात्र ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन उलट चढलेलेही आढळले आहे, म्हणून एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका.

तपासणीत साधारण असे होते. आधी ठरावीक गुणधर्मांच्या सिलिकॉनच्या ठोकळ्यावर यंत्र जुळवून घेतात. आईंना पाठीवर झोपवतात, खोली अंधारी करतात, लेसर असेल तर डोळ्यांना चष्मा देतात. गाठीवर आणि भोवती पेनाने सेंटिमीटर-सेंटिमीटरवर ठिपके काढतात आणि प्रत्येक ठिपक्यावर प्रोब काही सेकंद टेकवतात. मग दुसऱ्या स्तनावर, आरशात दिसेल तशा जागी, तेच करतात. तुलना त्याच्याशी असते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. केमोआधी, पहिल्या काही दिवसांत, मध्यावर आणि ऑपरेशनआधी, असे चार वेळा बोलावणे येऊ शकते. कल्याणहून तेवढ्यासाठी वेगळी खेप पडणार का, की केमोच्या दिवशीच उरकतील, हे आधीच विचारून घ्या.

माप बिघडते ते बहुधा हातामुळे. प्रोब जोरात दाबला की रक्त बाजूला सरते आणि गाठ ‘सुधारलेली’ दिसते. हलका धरला की फटीतून बाहेरचा उजेड शिरतो. ठिपके पुसले जाऊन पुढच्या वेळी जागा सेंटिमीटरभर सरकली तर दोन मापांची तुलनाच होत नाही. म्हणून तीळ, स्तनाग्र अशा खुणांपासूनची अंतरे लिहून ठेवतात. स्तनाग्राभोवतीच्या गडद त्वचेवरचे आणि बायोप्सीनंतर रक्त साकळलेल्या जागेचे माप फसवे असते. बायोप्सी कधी झाली ते तुम्हीच आठवणीने सांगा.

संमतीपत्रात तीन गोष्टी पाहा: एथिक्स कमिटीची मंजुरी, सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी क्रमांक, आणि कधीही माघार घेतली तरी उपचारात फरक पडणार नाही असे स्पष्ट वाक्य. या मापावरून आईंचे औषध बदलणार नाहीत, तो निर्णय नेहमीच्या तपासण्यांवरच होईल. सहभागी झाल्याने आईंना थेट फायदा होईलच असे नाही, हेही त्यांना त्यांच्या भाषेत सांगा आणि मग त्यांनाच ठरवू द्या.

सावळ्या रंगाने किंवा पाळीच्या दिवसांनी फरक पडतो का? (दोन पत्रे : दादर, वसई)

दोन्हींनी पडतो. त्वचेतले मेलॅनिन प्रकाश शोषते, विशेषतः ७०० नॅनोमीटरच्या आतला, त्यामुळे गडद त्वचेवर संकेत क्षीण होतो. दुसऱ्या स्तनाशी तुलना केली की यातला बराच भाग वजा होतो. पाळी येण्याआधीच्या पंधरवड्यात स्तनातले रक्त आणि पाणी वाढते, म्हणून चांगल्या अभ्यासांत पाळीची तारीख नोंदवतात. कोणी न विचारताच माप घेतले तर ते काम कच्चे समजा.

ऑपरेशनच्या वेळी ‘हिरवा रंग टोचून कॅमेऱ्याने काखेतली गाठ शोधू’ असे डॉक्टर म्हणाले. हाच प्रकार का? (बोरिवली)

प्रकाश त्याच जातीचा, काम वेगळे. इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य ८०० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषून ८३० च्या आसपास परत फेकते. स्तनात टोचले की लसीकावाहिन्यांतून काखेतल्या पहिल्या गाठीपर्यंत (ही लसीकाग्रंथी, कर्करोगाची गाठ नव्हे) पोचते आणि खास कॅमेऱ्यात ती चमकते. त्या पहिल्या गाठीत कर्करोग आढळला नाही तर काखेतल्या बाकीच्या गाठी सहसा काढाव्या लागत नाहीत आणि पुढे हात सुजण्याचा धोका कमी होतो. या द्रव्यात आयोडीन असते; आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

मी गोवंडीत आरोग्यसेविका आहे. वस्तीत मॅमोग्राफी होत नाही. असे यंत्र मिळाले तर जास्त बायका वाचतील का?

ताई, तुमच्या हातात यंत्राहून जास्त पारखलेली गोष्ट आहे: तुमची बोटे. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून वीस वर्षे १,५१,५३८ बायकांवर अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या सेविकांनी ३५ ते ६४ वयाच्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासले. तपासलेल्या गटात गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा ठोस फरक दिसला नाही. हा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू कमी होतात असे प्रकाशाच्या कोणत्याही यंत्राने अजून दाखवलेले नाही. यंत्र मिळाले तरी ‘गाठ लागली पण यंत्र म्हणते ठीक आहे’ अशी बाई घरी पाठवू नका. तिला चिठ्ठी द्या आणि ती रुग्णालयात पोचली का ते आठवड्याने बघा.

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एलईडी आणि फोटोडायोड वापरून छोटे मॉडेल करायचे आहे. नकली स्तन कशाचा करू? काय काय चुकते? (माटुंगा)

नकली उतीला ‘फँटम’ म्हणतात. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम अगर, म्हणजे घरचे चायनाग्रास, उकळून पूर्ण विरघळवा. ६० अंशांच्या खाली आले की २० टक्क्यांचे इंट्रालिपिड (शिरेतून देण्याचे चरबीचे पांढरे द्रव) ५० मिलिलिटर घाला; मिश्रणात चरबी सुमारे एक टक्का होते आणि विखुरणे साधारण उतीइतके येते. दुधाने कच्ची चाचणी जमते, पण पिशवीगणिक स्निग्धांश बदलतो. शोषणासाठी काळी इंडिया इंक. ती आधी पाण्यात १:१०० पातळ करा, कॉलेजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजा, मगच थेंब ठरवा; दोन बाटल्यांची शाई सारखी नसते. ‘गाठ’ म्हणून त्याच मिश्रणात दुप्पट ते चौपट शाई घालून दोन सेंटिमीटरचा गोळा जमवा आणि एक-दीड सेंटिमीटर खोल ठेवा. अगर ४० अंशांच्या खाली जमायला लागते, म्हणून गोळा ठेवून वरचा थर ओतताना मिश्रण गरम असू द्या, नाहीतर दोन थरांत सांधा राहतो आणि तोच गाठ म्हणून दिसतो. बुडबुडे काढा. प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ८५० आणि ९४० नॅनोमीटरचे एलईडी सहज मिळतात, कारण सीसीटीव्ही आणि रिमोटमध्ये तेच असतात. ७६० चा शोधावा लागतो, पण तो हवाच. ९४० वर चरबी आणि पाणी मध्ये येतात, आणि ६६० खोलवर पोचत नाही. डिटेक्टर म्हणून ‘ओपीटी १०१’ ही फोटोडायोडची चिप बरी. त्यात ॲम्प्लिफायर आणि एक मेगाओमचा रोध आतच असतो. एलईडी आणि डिटेक्टर यांत तीन सेंटिमीटर अंतर ठेवलेत तर प्रकाशाची वाट केळ्यासारखी वाकडी होऊन साधारण एक ते दीड सेंटिमीटर खोल जाते. अंतर वाढवले की खोली वाढते, पण असल्या फँटममध्ये प्रत्येक सेंटिमीटरला प्रकाश जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

पहिली चूक म्हणजे पृष्ठभागावरून थेट पळणारा उजेड. मध्ये काळा अडसर लागतो, पण डोळ्यांना काळे दिसणारे पुष्कळ कापड आणि प्लास्टिक या प्रकाशाला आरपार असते. ८५० च्या एलईडीवर तो तुकडा धरा आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा. जांभळट ठिपका दिसला तर तुकडा टाकून द्या. दुसरी, ट्यूबलाइट. ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एलईडी एक किलोहर्ट्झने चालू-बंद करून त्याच तालात वाचन घ्या, किंवा २० मिलिसेकंदांची सरासरी घेऊन एलईडी बंद असतानाचे वाचन वजा करा. तिसरी, एलईडी तापला की तीव्रता आणि तरंगलांबी दोन्ही सरकतात. दहा मिनिटे चालू ठेवून मग मोजायला बसा.

शाईच्या गोळ्यावरून ऑक्सिजनचा आकडा काढू नका. शाई सगळ्या तरंगलांबी थोड्याफार सारख्याच शोषते, त्यामुळे ७६० आणि ८५० मधला जो फरक दिसेल तो तुमच्या एलईडींचा असेल. आणि हे मॉडेल मैत्रिणीवर, आईवर, कोणावरही लावून ‘गाठ नाही’ असे सांगू नका. माणसांवर मोजायचे असेल तर गाइडमार्फत एथिक्स कमिटीकडे अर्ज करा; परवानगी येईपर्यंत अहवालात फँटमचे आलेख पुरेसे आहेत, आणि ते नीट आले तर परीक्षकांना दाखवण्यासारखे असतात.